आधी लोहगड, मग आमचा गड!

ऑक्टोबर उजाडला की ऑफिसातल्या कॅन्टीनमध्ये दोनच विषय चघळले जातात. बोनस कधी आणि सुट्ट्या किती! ज्यांच्या घरी पाच ते बारा या वयोगटातला एखादा नमुना आहे, त्यांच्यासाठी आणखी एक तिसरा विषय असतो. दिवाळीच्या सुट्टीत या पोरांना गुंतवायचं कसं? कुणी म्हणतं, कॅम्पला घाला. कुणी म्हणतं, मॉलमध्ये गेम झोन आहे, दोन तासांची निश्चिंती. आणि मग एक कुणीतरी हळूच म्हणतं, ‘अरे, आपण किल्ला करायचो ना रे?’

बस्स! त्यानंतर पंधरा मिनिटं कुणीही कामाला हात लावत नाही. कुणाच्या किल्ल्यात कारंजं होतं, कुणी बुरुजावर लवंगी लावून तो उडवला होता, कुणाच्या गुहेत वाघाऐवजी मांजर येऊन झोपली होती... सगळे एकदम चौथी ‘ब’मध्ये जाऊन बसतात.

आणि मग संध्याकाळी घरी जाताना रस्त्याच्या कडेला रेडिमेड किल्ला दिसतो. पीओपीचा, रंगवलेला, बुरुज-बिरुज सगळं तयार. गाडीच्या डिकीत मावतो. बाल्कनीत ठेवायचा, दिव्यांची माळ सोडायची, फोटो काढायचा, फॅमिली ग्रुपवर टाकायचा. दहा मिनिटांत दिवाळी आटोपली! यात वाईट काही नाही, बरं का. आठवड्याचे पाच दिवस डेडलाईनच्या मागे पळणाऱ्या माणसाला दहा मिनिटांचं सोल्यूशन मिळालं तर तो ते घेणारच.

पण गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक वेगळा प्रोजेक्ट झाला. बजेट अगदीच किरकोळ, टीम चार जणांची आणि कालावधी तीन रविवार. आमच्या टीमची वयं सांगतो. आमची चिऊ ८, मी आणि बायको पस्तिशीच्या आसपास आणि अण्णा ७१.

अण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. हातात कला, तोंडात मोजकेच शब्द. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि ते मोजकेच शब्दही आटले. त्याच वर्षी त्यांची बायपास झाली. त्यानंतर आमचा संवाद म्हणजे, ‘अण्णा, जेवलात का?’ ‘हो.’ ‘गोळ्या घेतल्या?’ ‘हो.’ संपलं! दिवसभर ते गॅलरीतल्या खुर्चीत पेपर घेऊन बसायचे, पण पेपरचं पान तासभर उलटलं जायचं नाही. डॉक्टर म्हणाले, तब्येत उत्तम आहे, बोलतं ठेवा. आता बोलतं ठेवायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे काही प्रिस्क्रिप्शनवर लिहून मिळत नाही.

तर किल्ला करायचं ठरलं तेव्हा चिऊनं विचारलं, ‘कुठला करायचा?’ मी म्हटलं, ‘कुठला म्हणजे? किल्ला!’ ती म्हणाली, ‘असा नुसता किल्ला नसतो बाबा. टीचरनी सांगितलंय, बारा किल्ल्यांना जगानं बक्षीस दिलंय.’

बक्षीस म्हणजे युनेस्कोचा जागतिक वारसा. २०२५च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा एकत्र त्या यादीत समावेश झाला. अकरा आपल्या महाराष्ट्रातले : साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. मी मोबाईलवर यादी वाचत होतो, तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला, ‘लोहगड करा. विंचूकाटा कुणी करत नाही.’

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा अण्णा न विचारता बोलले होते.

रविवार पहिला : फील्ड व्हिजिट

न बघितलेला गड करायचा कसा? म्हणून पहिला रविवार लोहगडाचा. पुणेकरांसाठी यासारखी सोपी पिकनिक नाही. पुणे-लोणावळा लोकल पकडायची आणि लोणावळ्याच्या एक स्टेशन आधी मळवलीला उतरायचं. मुंबईकरांनी लोणावळ्यापर्यंत यायचं आणि पुण्याकडे जाणाऱ्या लोकलनं एक स्टेशन मागे यायचं. मळवलीहून भाजे गाव आणि तिथून चढाच्या रस्त्यानं लोहगडवाडी. चालायची हौस असेल तर चाला, नाहीतर गाडी थेट वाडीपर्यंत जाते. लोहगडवाडीपासून वर मात्र पायऱ्याच. ऑक्टोबर हा त्यासाठी बेस्ट महिना. पावसाळ्यातली तोबा गर्दी ओसरलेली असते, पायऱ्यांवरचं शेवाळ वाळलेलं असतं आणि गवत हिरव्याचं सोनेरी व्हायला लागलेलं असतं.

आम्ही गाडी घेतली, कारण अण्णा. ते येतील असं वाटलं नव्हतं. पण सकाळी सहाला ते टोपी घालून तयार! मात्र पायथ्याला पोहोचल्यावर त्यांनी पायऱ्यांकडे एकदा वरपर्यंत पाहिलं आणि एका टपरीच्या बाकड्यावर बैठक मारली. डॉक्टरांनी चढ बंद केलाय, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ होतं.

‘तुम्ही जा,’ म्हणाले. मग चिऊला जवळ बोलावून म्हणाले, ‘हे बघ, मी काही वर येणार नाही. वर काय काय आहे, ते नीट बघून ये आणि मला सांग. सगळं सांगायचं. उगाच मोठ्ठं आहे, छान आहे असं नको. कुठे काय, किती, कसं.’

बॉस, त्या एका वाक्यानं आमच्या पिकनिकचा नूरच पालटला! एरवी गडावर गेलेली आमची कार्टी दहाव्या पायरीला ‘किती राहिलं?’ सुरू करते. त्या दिवशी ती सर्व्हेअर झाली. माझ्या खिशातलं पेन आणि ऑफिसची छोटी डायरी जप्त झाली. फोटो काढू का म्हटलं तर उत्तर आलं, ‘फोटो नको. आबांना मी सांगणारे.’

लोहगडाला एकामागोमाग एक असे चार दरवाजे आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा. पण ते सरळ रेषेत नाहीत. वाट सापासारखी वळत जाते आणि प्रत्येक वळणावर डोक्यावर एखादा बुरुज उभा असतो. वरून खाली पाहिलं की ही वळणं इतकी देखणी दिसतात की बहुतेक मंडळी तिथे फोटो काढायला थांबतातच. चिऊनं तिथे बसून डायरीत गांडुळासारखं काहीतरी काढलं आणि त्याच्यावर चार चौकोन मारले. खाली लिहिलं, ‘दरवाजे ४. वळणं खूप.’ मग ‘खूप’ खोडलं. आबांना ‘खूप’ चालणार नव्हतं. ती पुन्हा खाली उतरून वळणं मोजत वर आली! (तिच्या मागे मी. पाय अजून आठवण काढतात.)

वर गेल्यावर मोकळं पठार लागतं. पाण्याची टाकी आणि तळी आहेत, समोर विसापूर उभा, एका बाजूला पवनेचं पाणी आणि त्यापलीकडे तुंग आणि तिकोना. आणि मग तो विंचूकाटा! गडाच्या टोकाशी निघालेली एक लांबच लांब चिंचोळी माची, विंचवाच्या नांगीसारखी दिसणारी. साधारण दीड किलोमीटर लांब. तिच्यावर जायला आधी थोडा खडक उतरावा लागतो, तिथे लहान मुलांचा हात सोडू नका. चिऊनं ती पावलांनी मोजायला घेतली. सातशेच्या पुढे कुठेतरी माकडांनी लक्ष वेधलं आणि हिशेब बोंबलला. पण तिनं प्रामाणिकपणे लिहिलं, ‘सातशे पावलं आणि शिवाय माकडं.’

माकडांवरून आठवलं. गडावर खाऊची पिशवी हातात उघडी घेऊन फिरू नका. पिशवी तुमची, खाऊ त्यांचा, असा तिथला सरळ हिशेब आहे.

खाली आलो तेव्हा टपरीवर पिठलं-भाकरी आणि कांदा तयार होता. पण जेवणाआधी रिपोर्टिंग झालं. अण्णांनी डायरी हातात घेतली, चष्मा लावला आणि अशी उलटतपासणी सुरू केली की आमचा क्लायंटही लाजावा.

‘दरवाजातून आत शिरल्यावर पुढचा दरवाजा समोर दिसतो का?’

‘नाही. आधी वळावं लागतं.’

‘दरवाजासमोर मोकळी सरळ जागा किती आहे?’

‘नाहीच आहे, आबा. लगेच वळण.’

‘का बरं?’

चिऊ गप्प. खरं सांगू? मी आणि बायकोही गप्प. दोघंही कॉलेजात असताना लोहगडावर जाऊन आलेलो, पण हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. अण्णांनी ताटातली भाकरी बाजूला सारली. मिठाची वाटी म्हणजे दरवाजा, चमचा म्हणजे हत्ती. ‘दार फोडायला हत्ती आणला, तर त्याला पळत येऊन धडक द्यायला जागा लागते. इथे जागाच नाही. वळला की वेग गेला. आणि वळताना अंगावर कोण आहे? वरचा बुरुज. दगड टाका, गोळ्या घाला, काहीही करा.’ मग हळूच म्हणाले, ‘ज्यानं हे बांधलं ना, तो चांगला फिटर असणार.’

त्यानंतर ते बोलतच राहिले. १६६५ला पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात हा लोहगडही होता, आणि १६७०मध्ये तो परत घेतला, हे त्यांनी सांगितलं. ‘पाच वर्षं गेली, पण घेतलाच,’ असं दोनदा म्हणाले. कारखान्यातली पोरं मिळून कशी लोकलनं मळवलीला यायची, हेही सांगितलं. मी त्यांचा मुलगा, पण ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो.

रविवार दुसरा : बांधकाम

आता मुख्य काम. आमच्या सोसायटीत मातीचा तुकडाही नाही, सगळीकडे पेव्हर ब्लॉक. म्हणून गॅलरीत जाड प्लास्टिक, त्यावर जुन्या कपाटाची फळी, आणि त्यावर किल्ला. साधारण तीन फूट बाय चार फूट. सामान अगदी साधं : पंधरा-वीस विटांचे तुकडे आणि दगड, दोन गोणपाटं, नर्सरीतून आणलेली लाल माती तीन-चार घमेली, एक बादली, एक जुना चमचा, आइस्क्रीमच्या काड्या आणि मूठभर अळीव.

पद्धत सांगतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल. आधी विटा आणि दगड रचून डोंगराचा सांगाडा करायचा. तो हलवून बघायचा. हलला तर पुन्हा रचायचा, कारण वर माती चढल्यावर दुरुस्ती होत नाही. मग मातीत पाणी घालून ताकासारखा पातळ राडा करायचा, गोणपाट त्यात चांगलं बुडवायचं आणि सांगाड्यावर पांघरायचं. चुण्या पडल्या तर पडू द्या, त्याच तुमच्या दऱ्या आणि घळया. त्यावर मऊ मळलेल्या मातीचा थर, वरून खाली थापत. थर अर्धवट सुकला की आइस्क्रीमच्या काडीनं पायऱ्या कोरायच्या, मातीच्या वळ्या करून तटबंदी लावायची, काडेपेटीच्या खोक्यावर माती लिंपून दरवाजे करायचे. टाक्यासाठी एक वाटी पुरायची. दुसऱ्या दिवशी भेगा दिसतील. घाबरू नका, पातळ राडा बोटानं भरत जायचा.

आमची खरी अडचण होती विंचूकाटा. लांब, अरुंद आणि हवेत निघालेला. माती टिकेना. दोनदा कोसळला. चिऊ रडायच्या बेतात. अण्णा उठून आत गेले आणि त्यांची जुनी लाकडी पट्टी घेऊन आले. कारखान्यातली, कडा झिजलेली. तिला सुतळी गुंडाळली, म्हणजे माती धरून राहील, आणि ती विटांच्या मधे घट्ट खोचली. ‘आता लाव.’ विंचूकाटा टिकला!

मी म्हटलं, ‘अण्णा, पट्टी खराब होईल.’

ते म्हणाले, ‘आता तिनं काय मोजायचंय?’ आणि जरा थांबून, ‘होऊ दे.’

संध्याकाळी गवत पेरायची वेळ आली. मी अळीव सरळ उतारावर भुरभुरवायला निघालो, तर अण्णांनी हात धरला. ‘असं नाही. घरंगळून खाली जातं. तुझी आई आधी भिजवायची.’

घरात एकदम शांतता. दोन वर्षांत आईचं नाव अण्णांच्या तोंडून आलं नव्हतं. आम्हीही काढत नव्हतो, त्यांना त्रास होईल म्हणून. ते आपले शांतपणे सांगत होते, ‘लाडवांसाठी अळीव आणायची ना, त्यातलं मूठभर बाजूला काढायची. तुमच्या किल्ल्यासाठी. दोन-तीन तास पाण्यात ठेवायची, मग ते बुळबुळीत होतं. ते मातीवर थापलं की उभ्या भिंतीलासुद्धा चिकटतं. तुम्ही सगळ्या गल्लीत सांगत फिरायचात, आमच्याच किल्ल्यावर गवत कसं येतं म्हणून! ते आमच्यामुळे नव्हतं आणि तुमच्यामुळेही नव्हतं.’

बायकोनं काही न बोलता अळीव भिजत घातलं. रात्री साडेनऊला आम्ही चौघांनी बॅटरीच्या उजेडात लोहगडाच्या कड्यांवर ते थापलं. अण्णा तेव्हा आईबद्दल आणखी बरंच बोलले. ते सगळं इथे लिहीत नाही. ते आमचं आहे.

रविवार तिसरा : वसुबारसेच्या आधी

अळीव तीन-चार दिवसांत उगवतं आणि आठवडाभरात छान हिरवंगार होतं. म्हणून पेरणी वसुबारसेच्या आठवडाभर आधी करा. मोहरीही चालते. एकच काळजी घ्यायची, पाणी ओतायचं नाही, स्प्रेनं शिंपडायचं. नाहीतर तटबंदी वाहून जाते आणि शत्रूचं काम आपणच करून ठेवतो.

तिसऱ्या रविवारी खरेदी. किल्ल्यावरची चित्रं आणायला कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात गेलो. सिंहासनावरचे महाराज, मावळे, तोफा, हत्ती, गवळण, वाघ, आणि का कोण जाणे, पण दरवर्षी असतोच तो शेतकरी आणि बैलजोडी. प्रमाणाच्या नावानं आनंद! आमच्या महादरवाजातून आमचे महाराज गुडघ्यापर्यंतच मावत होते. पण त्याला काही इलाज नाही आणि कुणाला इलाज हवाही नसतो.

दिवाळीत सोसायटीतली पोरं किल्ला बघायला आली. प्रत्येकाला चिऊनं हत्ती आणि चमच्याची गोष्ट सांगितली. सांगताना शेवटी ती मागे वळून विचारायची, ‘बरोबर ना आबा?’ आणि गॅलरीतल्या खुर्चीतून, पेपर बाजूला ठेवून, पुढचं भाषण सुरू व्हायचं. खालच्या मजल्यावरचे एक काका दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन परत आले. त्यांचा दिवाळीपुरता सिंहगड ठरलाय, टेक्निकल सल्लागार आमचे अण्णा.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण आमच्याकडे तीन रविवार कुठून आणायचे? बरोबर आहे. मग एक करा. गड जवळचा निवडा, किल्ला छोटा करा, दोन फुटांचासुद्धा चालतो. पण दोन गोष्टी सोडू नका. एक म्हणजे, आधी गड बघा, मग करा. बघितलेली गोष्ट हातानं करताना पोरं प्रश्न विचारतात आणि ते प्रश्न कुठल्याही ॲक्टिव्हिटी किटमध्ये मिळत नाहीत. आणि दुसरी, घरातल्या मोठ्यांना ‘तुम्ही आराम करा’ म्हणून खुर्चीत बसवू नका. त्यांना गडावर चढता येणार नाही, जमिनीवर मांडी घालता येणार नाही, कबूल. पण त्यांना विचारायला काय हरकत आहे? आम्ही दोन वर्षं ‘जेवलात का’ विचारत होतो. त्याचं उत्तर ‘हो’ एवढंच असू शकतं. ‘विंचूकाटा पडतोय, काय करू?’ या प्रश्नाला मात्र उठून यावं लागतं.

जाता जाता आवराआवरीची टिप. तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडा. माती कुंड्यांमध्ये टाका, झाडं खूश होतात. गोणपाट झटकून वाळवून ठेवा. चित्रं पेपरात गुंडाळून खोक्यात घाला आणि खोक्यावर नाव लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी ती माळ्यावर सापडत नाहीत. आमच्या खोक्यात या वर्षी एक लाकडी पट्टीही आहे. तिच्यावर अजून थोडी लाल माती आहे. अण्णांनी सांगितलंय, धुवायची नाही.

या वर्षी राजगड करायचाय. तीन माच्या आणि वर बालेकिल्ला, म्हणजे विटा जास्त लागणार. चिऊनं नवी डायरी घेतलीय, आणि गॅलरीतून कालच ऑर्डर सुटलीय, ‘संजीवनी माचीचा तट दुहेरी आहे म्हणे. मधे माणूस चालू शकतो का, बघून या.’

तुमचा कुठला गड ठरतोय?